पारखेसाहेबांना सोय नको होती

रेव्हरंड शांतवन पारखे यांच्याशी कुणी सहमत झालं की त्यांना राग यायचा. विरोध करणाऱ्या माणसावर ते चिडलेले मी फारसे पाहिले नाहीत. त्याच्याशी ते तासभर आनंदाने भांडत. पण समोरच्याने मान डोलावून "खरं आहे तुमचं म्हणणं" असं म्हटलं, की ते चष्मा काढायचे, कोटाच्या टोकाने काचा पुसायचे आणि विचारायचे, "बरं. मग कधी?"

या प्रश्नाचं उत्तर उज्जैनमध्ये त्यांना कुणी दिलं नाही. आमच्या शाळेच्या मिससाहेबांनी दिलं नाही, चर्च कमिटीने दिलं नाही, नगरपालिकेनेही नाही. आणि ज्यांच्यासाठी ते विचारत होते त्या मेहतर बस्तीतल्या लोकांनी तर पुढे पुढे, आता विचारू नका, म्हणून त्यांना हात जोडले.

ते दिवस मधल्या काळातले होते. इंग्रज गेले होते, ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं होतं, आणि मध्य प्रदेश अजून व्हायचा होता. आमचं घराणं कितीतरी पिढ्या उज्जैनचं. कुणी पूर्वज दरबारच्या कारकुनीवर इकडे आला आणि इथलाच झाला. माझे वडील, नाना, महसुलाच्या दफ्तरात होते. मी इंटर झाले आणि माधव नगरातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. ख्रिस्ती लोकांच्या शाळेत मुलगी पाठवायची म्हणून नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली, पण शाळा घराजवळ होती आणि नानांना मुलींनी घरी बसलेलं आवडत नसे, त्यामुळे ती कुजबुज आपोआप मिटली.

शाळेच्या आवारातच मिशनचं छोटं चर्च होतं. पारखेसाहेब त्या चर्चचे पाळक म्हणून नगर जिल्ह्यातून आले. शाळेत शिक्षक कमी म्हणून वरच्या वर्गांचं गणितही त्यांच्याकडे आलं. उंच, किंचित वाकलेले, आणि वैशाखातसुद्धा अंगात काळा लांब कोट. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेले ते क्वचित दिसत. सायकल हातात धरून ते चालायचे, कारण सायकलवर बसलं की वाटेतल्या माणसांशी बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कोटाच्या खिशात कायम भुईमुगाच्या शेंगा. टरफलंही त्याच खिशात जायची, त्यामुळे खडू शोधायला खिशात हात घातला की आधी मूठभर टरफलं बाहेर यायची आणि मुली खुसखुसायच्या.

त्यांचं हिंदी नगरचं होतं. रविवारी व्यासपीठावरून ते विचारायचे, "मेरा आवाज़ पीछे तक आता है क्या?" मागे सतरंजीवर बसलेली बस्तीतली मंडळी हसून म्हणायची, "आता है, पादरीजी." आमच्या मराठीची मात्र ते उलट चेष्टा करत. मी एकदा "टाइम नाही भेटला" म्हटलं, तर म्हणाले, "कुमुदबाई, तुमची मराठी हिंदीच्या पाट्यावर वाटलेली आहे. चवीला बरी लागते, पण ओळखू येत नाही."

शाळेत आले त्याच आठवड्यात आमच्या हिंदीच्या पंडितजींनी त्यांना विचारलं, "पारखे यानी कौन?" उज्जैनमध्ये हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतो, त्यात वावगं असं कुणाला वाटत नाही. पारखेसाहेबांनी शेंग सोलता सोलता सांगितलं, "मांग. पेशा पादरी का." पंडितजींच्या तोंडात पान होतं. ते बराच वेळ तसंच राहिलं.

नानांना मात्र हा माणूस आवडला. त्यांनी एकदा त्यांना घरी चहाला बोलावलं. आईने फडताळातून ठेवणीतली कपबशी काढली, निळ्या फुलांची. पारखेसाहेबांनी चहा संपवला, कप उलटा करून खालचा शिक्का वाचला आणि सरळ आईला विचारलं, "वहिनी, मी गेल्यावर ही कपबशी कुठे ठेवणार?" नाना खाकरले. आई म्हणाली, "वेगळ्या फळीवर." मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पारखेसाहेब मोठ्याने हसले. म्हणाले, या गावात मला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. त्यानंतर ते पुष्कळदा आले, आणि प्रत्येक वेळी आत येताच फळी विचारायचे. एक दिवस आईने वैतागून ती कपबशी सगळ्यांच्या कपांत मिसळून टाकली आणि त्यांना तसं सांगितलं. मला आठवतं त्याप्रमाणे, उज्जैनमधला त्यांचा हा एकमेव विजय.

बाकी सगळीकडे काय झालं ते सांगते.

चर्चमध्ये पुढे बाकं होती आणि मागे सतरंजी. बाकांवर रेल्वेतली, दवाखान्यातली, शाळेतली ख्रिस्ती कुटुंबं बसत. सतरंजीवर मेहतर बस्तीतले ख्रिस्ती. त्यातले बरेचजण याच बाकांवरच्या लोकांच्या घरचे संडास साफ करायचे. असं बसावं असा नियम कुठे नव्हता. तसं चालत आलं होतं. प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांनी प्यायच्या द्राक्षरसाचा एकच चांदीचा पेला असायचा. तो पुढच्या बाकांवरून सुरू व्हायचा, आणि शेवटी सतरंजीवर पोचायचा.

ईस्टरला मी मुलींचं गाणं बसवलं होतं, म्हणून त्या दिवशी खिडकीपाशी उभी होते. पारखेसाहेबांनी पेला उचलला आणि पुढची बाकं ओलांडून ते थेट मागे चालत गेले. सतरंजीच्या कडेला सुंदरबाई बसली होती. ही विधवा बाई, चर्चचं आणि आमच्या शाळेचं आवार झाडायची. तिने पेला घेतला नाही. तिने पुढच्या बाकांकडे पाहिलं. पारखेसाहेब तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि तसेच बसून राहिले. शेवटी ती प्यायली. मग पेला सतरंजीभर फिरला, आणि पुढे आला.

पहिल्या बाकावर दयालसाहेब. रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कमिटीचे अध्यक्ष, फार सुसंस्कृत माणूस. त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, ओठांच्या उंचीपर्यंत नेला, आणि न पिता शेजाऱ्याकडे दिला. शेजाऱ्यानेही तसंच केलं. पूर्ण रांगेने तसंच केलं. प्यायल्या फक्त दोघी, आमच्या हेडमिस्ट्रेस मिस ग्रँट आणि पारखेसाहेबांची बायको सगुणाबाई. उरलेला रस पारखेसाहेबांनी स्वतः संपवला. उपासना झाल्यावर बाहेर सगळे उन्हाविषयी बोलले, आंब्यांविषयी बोलले.

मिस ग्रँट विलायतेच्या. आयुष्य इथे घालवलेल्या, मनाने खरंच चांगल्या. त्यांनी पारखेसाहेबांना बोलावून सांगितलं की तुमचं तत्त्वतः अगदी बरोबर आहे. पारखेसाहेबांनी चष्मा पुसला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. तेव्हा बाई म्हणाल्या, मी काहीतरी करते. आणि त्यांनी केलं. काही महिन्यांनी जहाजाने आलेली एक पेटी उघडली. आत लाकडी तबकं, आणि तबकांत बसतील असे काचेचे इवले इवले पेले. प्रत्येकाला स्वतंत्र. बाईंनी सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने आता सगळीकडे असंच करतात. दयालसाहेब म्हणाले, "चलो, सबकी सहूलियत हो गई." मराठीत आपण म्हणतो तशी सोय झाली.

त्या दिवशी पारखेसाहेब शिक्षकांच्या खोलीत आले आणि शेंगांची पुडी टेबलावर आपटली. म्हणाले, "एका पेल्यातून पिणं हाच तर मुद्दा होता, कुमुदबाई. आता माणसागणिक पेला आहे. भांडू कुणाशी?" मी म्हटलं, निदान आता सगळे पितात तरी. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी वह्या तपासायला घेतल्या.

सगुणाबाईंना याबद्दल विचारलं तर त्या हसायच्या. बुटक्या, गोल, सतत कसल्या ना कसल्या गमतीत. नवऱ्याच्या रागावर त्यांचा एकच इलाज होता, त्याला जेवायला वाढायचं. त्या बस्तीत दर दुपारी शिवणाचा वर्ग घ्यायच्या. त्यांना भैरवगढचे छाप्याचे कपडे फार आवडायचे. तिथल्या छीपांकडे, म्हणजे कापड छापणाऱ्यांकडे जाऊन वाया गेलेले, रंग फुटलेले तुकडे मागून आणायच्या आणि बस्तीतल्या मुलींकडून त्यांची झबली शिवून घ्यायच्या. साहेबांना लोक भ्यायचे. सगुणाबाईंना घरात बोलवायचे.

मग नळाचं प्रकरण झालं. बस्ती नाल्याच्या काठाला, आणि नगरपालिकेचा नळ थोडा वर, चौकात. बस्तीतल्या बायका घागरी घेऊन नळापासून लांब बसायच्या. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. अस्पृश्यता कायद्याने गेली ही बातमी पारखेसाहेबांनी चौकात उभं राहून वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवली. लोकांनी शांतपणे ऐकली. दुसऱ्या सकाळी ते बायकांना घेऊन नळावर गेले, सुंदरबाई पुढे. मारामारी होईल म्हणून आम्ही सगळे घाबरलो होतो. मारामारी वगैरे काही झाली नाही. त्यांचा नंबर आला आणि नळ बंद पडला. वर कुठेतरी कुणीतरी चावी फिरवली होती. बायका परत फिरल्या, तसं पाणी आलं. रोज असंच. समोर कुणी माणूसच नाही, तर बोलायचं कुणाशी?

ते नगरपालिकेत गेले. तिथले अधिकारी अतिशय अदबीने वागले, खुर्ची दिली, अन्याय होतो आहे हे कबूल केलं, आणि बस्तीसाठी वेगळा नळ मंजूर करतो म्हणाले. पारखेसाहेब म्हणाले, वेगळा नको, तोच हवा. अधिकारी हसले आणि म्हणाले की पादरीसाहेब, तुमच्या गिरजाघरात कोण पुढे बसतं, कोण मागे बसतं, ते आम्हाला माहीत आहे; आधी तिथलं बघा. इकडे दयालसाहेब म्हणत, गावात एवढी शिवाशिव चालू असताना तुम्ही चर्चमध्येच काय भिंग लावून बघता? गाव चर्चकडे बोट दाखवायचं, चर्च गावाकडे. पारखेसाहेब सायकल धरून मधल्या रस्त्याने ये-जा करायचे.

वेगळ्या नळाला बस्तीचा होकार होता. सुंदरबाईने त्यांना समजावलं, "पादरीजी, पानी तो पानी है. ले लेने दो." तिला रोज घागर भरायची होती, त्यांना नव्हती, हे त्यांना कळत होतं. त्यांनी कडवट तोंडाने वेगळ्या नळाच्या अर्जावर सही केली. पण तोही नळ मिळेना. नळाची योजना होती हरिजनांसाठी, आणि बस्तीतली निम्मी घरं ख्रिस्ती. ती हरिजनांत धरता येत नाहीत, असं वरून आलं. ती सोडून बाकी घरं योजनेला कमी पडत होती.

हे ऐकायला ते गेले तेव्हा नानाही काही कामाने त्या दफ्तरात होते. त्यांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं. पारखेसाहेब खुर्चीतून उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "शिवायचं नसलं की हे मेहतर. द्यायचं नसलं की हे ईसाई. एकदा ठरवून टाका आणि मलाही कळवा." अधिकाऱ्याला मराठी येत होती. त्याने सांगितलं की फाइल वर पाठवतो.

आमचं मध्य भारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बसायचं. फाइल ग्वाल्हेरला गेली की सरकार इंदूरला निघालेलं असायचं. पारखेसाहेब दोन्हीकडे चकरा मारायचे. कधी आगगाडीने, कधी लॉरीने, सोबत सगुणाबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या. परत आले की विचारायची सोय नसायची. शेवटी एकदा एका सचिवाने त्यांना चहा पाजून सांगितलं की आता नवा प्रांत होतो आहे, राजधानी भोपाळला जाते आहे, जरा धीर धरा, तिथे सगळं नव्याने होईल. ते म्हणाले, मी प्रांतासाठी नाही आलो, नळासाठी आलो आहे. नळ शेवटी आला, हे सांगायला हवं. ते उज्जैन सोडून गेल्यावर आला. वेगळाच आला.

मधल्या काळात मिस ग्रँट मायदेशी जायला निघाल्या. मिशनने सगळं इथल्या लोकांच्या हाती सोपवलं. निरोपाच्या चहाला बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळे त्यांना भेटी देत होते तेव्हा पारखेसाहेबांनी त्यांच्याकडे कब्रस्तानाची भिंत मागितली, पाडायला.

ती भिंत मी पाहिलेली होती. देवास रोडच्या बाजूला उतारावर ख्रिस्ती लोकांचं कब्रस्तान आहे. वरच्या अंगाला गोऱ्या साहेबांच्या कबरी, संगमरवरी, कडुनिंबाच्या सावलीत. मग चुन्यात बांधलेली काळ्या दगडाची आडवी भिंत. आणि भिंतीखाली नाल्यापर्यंत मातीचा उतार, तिथे बस्तीतली माणसं पुरायची. पावसाळ्यात नाला फुगला की काठ तुटायचा आणि काठाबरोबर कबरी जायच्या. सुंदरबाईचा नवरा असाच गेला होता. तिने कधी त्याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. पाऊस लागला की ती त्या बाजूला मात्र जात नसे.

वर भरपूर जागा रिकामी होती. मिस ग्रँट म्हणाल्या, ही जमीन आता तुमच्या माणसांची आहे, तीच ठरवतील. त्यांची बहीण वर पुरलेली होती, पण त्यांनी तो विषय काढला नाही. त्या गेल्या, आणि कमिटी बसली.

त्या बैठकीत काय झालं ते पारखेसाहेबांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना ते नेहमीसारखे चिडलेले नव्हते. दयालसाहेबांचे वडील डॉक्टर होते. प्लेगमध्ये काम करता करता वारले. साहेब लोकांनी त्यांना वरच्या बाजूला जागा दिली नाही, काळे म्हणून. भिंतीखाली पुरलं. दयालसाहेब तेव्हा लहान होते. वरच्या बाजूला आपल्या माणसाला जागा मिळावी म्हणून ते आयुष्यभर अर्ज करत राहिले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर ती मिळाली. आईला त्यांनी वर पुरलं.

पारखेसाहेबांनी त्यांना म्हटलं की दयालसाहेब, तुमच्या वडिलांना खाली ठेवलं ती हीच भिंत आहे. दयालसाहेब म्हणाले, "मालूम है. इसीलिए तो."

"आता सांगा," पारखेसाहेब मला म्हणाले, "या माणसाला मी काय बोलू? याला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

कमिटीने ठराव केला, की भिंतीचा विचार योग्य वेळी करावा.

त्याच हिवाळ्यात सगुणाबाई गेल्या. साधा ताप म्हणून घेतला, तो विषमज्वर निघाला. मी दोनदा भेटायला गेले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं नाही, पण माझ्या पदराचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. त्या गेल्या त्या दिवशी त्यांच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवरचे लोक होते आणि सतरंजीवरचे लोक होते, एकमेकांना खेटून उभे. बस्तीतल्या मुलींनी छाप्याचे तुकडे जोडून त्यांच्यासाठी चादर शिवून आणली होती.

दयालसाहेब आले. ते रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. त्यांनी पारखेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की वर, कडुनिंबापाशी, जागा साफ करून घेतली आहे. पारखेसाहेब खाटेच्या कडेला बसले होते. ते म्हणाले की ती तिच्या शिवणाच्या वर्गातल्या बायका जिथे जातात तिथे जाईल.

मला वाटलं बस्तीतल्या लोकांना हे बरं वाटेल. सुंदरबाई गर्दीतून पुढे आली. ती त्यांच्याशी कधी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "मरे हुए को तो सूखे में रखो, पादरीजी. बाई को ऊपर ले जाओ."

"तेरा आदमी कहाँ है, सुंदरबाई?" त्यांनी विचारलं.

"नाले में गया. कैसा लगता है मैं जानती हूँ. तुम नहीं जानते."

पारखेसाहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मला वाटतं त्या वेळी ते वर न्यायला कबूल झाले असते. एखादी कुठलीही गोष्ट त्यांना त्या बाजूला ढकलायला पुरली असती. पण तेवढ्यात दयालसाहेब त्यांना समजावायच्या सुरात म्हणाले की पारखेजी, मान जाइए, आपकी बात अलग है. झालं. ते उठले आणि म्हणाले, माझी बाब वेगळी नाही. सगुणाबाईंना भिंतीखाली नेलं. चादरीवर माती टाकताना सुंदरबाई पाठ फिरवून उभी होती.

आजही मला नक्की सांगता येत नाही की त्यांनी बरोबर केलं की नाही. घरी आई म्हणाली, तत्त्व त्यांचं आणि ओल मात्र तिच्या अंगाखाली.

पुढचा पावसाळा मोठा झाला. शाळा सुटली की पारखेसाहेब फावडं घेऊन देवास रोडला जायचे आणि काठाला माती भरायचे. रात्रीच्या पावसात ती वाहून जायची. त्यांचा कोट कायम ओला असायचा. वर्गात फळ्यापाशी उभे राहिले की खाली पाणी ठिबकायचं आणि मुली आता हसत नव्हत्या. कमिटीने माणुसकीने विचारलं की गुपचूप वर हलवू या का, कुणाला कळायचंही नाही. त्यांनी पुन्हा भिंत मागितली. कमिटीने पुन्हा योग्य वेळेचा ठराव केला. बस्तीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना विनंती केली की आमच्यासाठी आता काही मागू नका, तुम्ही मागितलं की आमची कामं सुटतात. ती विनंती त्यांना सगळ्यात जास्त लागली, आणि ती खरी होती. बाकांवरच्या दोन घरांनी झाडणाऱ्या बायका बदलल्या होत्या.

मध्य प्रदेश झाला. मिठाया वाटल्या गेल्या. त्यानंतर लवकरच वरून निरोप आला, की रेव्हरंड पारखे थकले आहेत, त्यांनी नगरकडे जाऊन पाळकांच्या शिक्षणशाळेत शिकवावं, तिथे त्यांची राहण्याजेवण्याची सगळी सोय केली आहे. त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. शाळेने निरोप समारंभ केला. दयालसाहेबांनी फार सुंदर भाषण केलं. म्हणाले की पादरीसाहेबांनी आमच्या अंतःकरणाला जाग आणली. पारखेसाहेब उत्तरादाखल उठले, सगळ्यांकडे बघितलं, मुलींना बेरजा नीट करा असं सांगितलं आणि खाली बसले.

ती भिंत पुढे पडली का, असं मला पुष्कळजण विचारतात. नाही. अजून आहे. एका ठिकाणी थोडी खचल्यासारखी दिसते एवढंच. ती जागा कशी खचली ते मी पाहिलेलं आहे.

ते जाणार त्या दिवशी दुपारी मी नानांबरोबर टांग्याने देवास रोडने चालले होते. कब्रस्तानापाशी नानांनी टांगा थांबवायला सांगितला. पारखेसाहेबांनी कोट काढून एका क्रूसावर टांगला होता. अंगात नुसता सदरा, हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणि ते त्या भिंतीवर घाव घालत होते. जुना चुना तो, दगड सुटता सुटत नव्हता. चौकीदार फाटकाशी विडी ओढत उभा होता. त्याने सांगितलं की कमिटीला खबर दिली आहे. साहेब लोक म्हणाले, करने दो, थक जाएँगे.

मी उतरून जवळ गेले. वरच्या थरातले काही दगड सुटून खाली पडले होते. बाकी भिंत जशीच्या तशी. त्यांच्या तळहातांना फोड आले होते. मी म्हटलं, साहेब, हे एकट्याने होणार आहे का? त्यांनी सब्बल टेकवली, धाप टाकली.

"गाडी संध्याकाळची आहे, कुमुदबाई," ते म्हणाले. "तोवर होईल तेवढं."

आणि पुन्हा वळले. मी तिथे उभी राहून काय करणार होते? टांग्यात येऊन बसले. नानांनी टांगा अजून हलवू दिला नव्हता. मी मागे वळून पाहिलं. इतका वेळ सुंदरबाई कडुनिंबाच्या सावलीत बसून होती, त्यांच्याकडे न बघता, हात गुडघ्यांभोवती. आता ती उठली. भिंतीपाशी आली, त्यांच्याशी एक शब्द न बोलता खाली पडलेले दगड टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली, आणि उतार उतरून नाल्याकडे गेली. सगुणाबाईंच्या कबरीशी काठावर तिने ते एकावर एक रचले, नीट बसवले, आणि रिकामी टोपली घेऊन परत भिंतीकडे निघाली. पारखेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते घाव घालत होते.